वडील कुठे आहेत, हे घरात कोणी बोलत नाही तेव्हा

बीड जिल्ह्यातील एका खेड्यातून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे पती साडेतीन वर्षांपूर्वी चाकणला कामाला गेले. पहिले वर्षभर पैसे आणि फोन दोन्ही येत होते, मग पैसे थांबले, आणि गेल्या दीड वर्षापासून फोनही लागत नाही. घरात सासू-सासरे, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा आहे. आजी नातवंडांना प्रत्येक सणाआधी “दिवाळीला येईल”, “पाडव्याला येईल” असे सांगते. मुलगा शाळेत मारामाऱ्या करू लागला आहे आणि त्याने आपल्या वह्यांवरच्या नावातून वडिलांचे नाव खोडून टाकले आहे. मुलगी गप्प झाली असून नातेवाईक तिच्यासाठी स्थळे सुचवू लागले आहेत. “बाप नसलेली लेकरे वाया जातात असे सगळे म्हणतात. माझीही जातील का? आणि त्यांना मी काय सांगू?” असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याला, म्हणजे मुलांना काय सांगायचे याला, मी अधिक जागा देणार आहे. बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मुलांचे आणि कुटुंबांचे समुपदेशन करताना तीस वर्षांत मुलांचे जे नुकसान मी पाहिले, त्यातला मोठा वाटा वडिलांच्या नसण्याविषयी घरात पाळल्या गेलेल्या मौनाचा होता. पण पहिल्या प्रश्नातली भीती मनात असताना पुढचे काही नीट वाचवणार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते.

वडील घरात नसण्याचे मुलांवर काय परिणाम होतात, याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्यातला बराचसा अमेरिका आणि युरोपातला असल्यामुळे तो जसाच्या तसा आपल्या गावांना लावता येत नाही, तरी काही गोष्टी त्यातून बऱ्यापैकी पक्क्या झाल्या आहेत. सारा मॅक्लानहान या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विदुषीने दोन सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये तोपर्यंतच्या काटेकोर अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चिडणे, मारामारी करणे, नियम मोडणे अशा बाहेर दिसणाऱ्या वागण्यावर, शाळा पूर्ण होण्यावर आणि मोठेपणीच्या मानसिक आरोग्यावर परिणाम होतो, असे त्यात दिसले. बुद्धीवर, म्हणजे भाषा आणि गणिताच्या चाचण्यांतील गुणांवर, परिणाम होतो याचा पुरावा मात्र त्यांना कच्चा आढळला. वागण्यावरील परिणाम मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक ठळक असू शकतो, असेही त्यांनी नोंदवले. तुमचा मुलगा मारामारी करतो आहे याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, आणि त्यावरून त्याची बुद्धी किंवा स्वभाव बिघडला असा निष्कर्ष काढण्याचेही नाही. नऊ वर्षांच्या मुलाला जे बोलता येत नाही, ते त्याच्या हातांतून बाहेर पडते आहे.

त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, मायकेल रटर या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला होता. आई किंवा वडिलांपासून ताटातूट झालेल्या मुलांकडे त्यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा वर्तनाच्या तक्रारींचा संबंध नुसत्या ताटातुटीपेक्षा घरातील सततच्या कलहाशी अधिक असल्याचे दिसले. ज्यांचे आई किंवा वडील मृत्यूने गेले त्या मुलांपेक्षा ज्यांची घरे भांडणांतून फुटली त्या मुलांत या तक्रारी जास्त होत्या. आपल्याकडे “बाप नसलेले पोर” म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजतात, ते म्हणून चुकीचे आहे.

मराठवाड्यातच पाहा. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या भरतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या मागे-पुढे परततात. मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले हाल सोसतात, त्यांची शाळा बुडते. पण आई-वडील कुठे आहेत, का गेले आहेत आणि साधारण केव्हा येतील, हे त्या मुलांना ठाऊक असते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे तसेच असते. हे नसणे कष्टाचे आहे, पण त्याला नाव आहे आणि परतीचा महिना आहे. दुसरीकडे, वडील रोज घरी येतात पण रोज पिऊन येतात, अशी घरेही मी कमी पाहिलेली नाहीत. तिथली मुले संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की पुस्तके आवरून मागच्या दाराने निघतात. कागदोपत्री त्यांना वडील आहेत, म्हणून त्यांची गणना कोणत्याच यादीत होत नाही.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरच्या घराची गोष्ट आणखी निराळी. २००६ च्या शासन निर्णयानुसार अशा कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. घरात महिनोन्महिने हे दोन शब्द बोलले जातात, कोपऱ्यात बसलेले मूल ते ऐकते, आणि आपले वडील अपात्र ठरले म्हणजे नेमके काय झाले हे त्याला कोणी समजावत नाही. त्याला बहुधा “झटका आला” असे सांगितलेले असते, आणि खरे कारण त्याला शाळेतल्या मुलांकडून भांडणात कळते. वडील गेल्याचे दुःख आणि घरच्यांनी फसवल्याचे दुःख ही दोन्ही त्याच्यावर एकदम कोसळतात, आणि माझ्याकडे येणारी मुले या दुसऱ्या दुःखातून सावरायला अधिक वेळ घेतात.

इथे मला १९९३ ची आठवण सांगावीशी वाटते. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला तेव्हा मी शिकत होते आणि मदतीसाठी गेलेल्या मुला-मुलींमध्ये मीही होते. एका रात्रीत वडील, आई, भावंडे गमावलेली मुले तिथे होती. पुढील वर्षांत त्यांपैकी काहींना मी पुन्हा भेटले. त्यांचे दुःख फार मोठे होते, पण ते उघडे होते. गाव एकत्र रडले होते, कोण कुठे गेले हे सगळ्यांना माहीत होते, आणि “माझे वडील भूकंपात गेले” हे वाक्य ते मूल कोणासमोरही मान वर करून बोलू शकत होते. तुमच्या मुलाजवळ असे वाक्यच नाही. शाळेत कोणी “तुझे पप्पा कुठायत?” असे विचारले की त्याला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर नसले की तो हात उचलतो. तुम्ही मारामाऱ्यांच्या वेळा आणि निमित्ते शिक्षकांकडून नीट विचारून घ्या. त्यातल्या बऱ्याच याच प्रश्नाच्या आसपास निघतील असा माझा अंदाज आहे.

माणूस मेलेला नाही आणि आहेही म्हणता येत नाही, अशा वियोगाचा अभ्यास पॉलीन बॉस या अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ विदुषीने १९७० च्या दशकात सुरू केला. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना, अनिश्चित वियोग हा सर्वांत कठीण वियोग असतो, असे त्यांना दिसले. त्याला दहावा-तेरावा नसतो, सांत्वनाला येणारी माणसे नसतात, आणि घर एकाच वेळी वाटही पाहत असते आणि रागही धरत असते. त्यांचे म्हणणे मला या कामात सर्वांत उपयोगी पडले आहे, ते असे की अशा घराने “ते आहेत की नाहीत” याचा निकाल लावण्याची घाई करू नये. दोन्ही गोष्टी मनात धरून पुढचे दिवस नीट जगता येतात, आणि ते शिकवता येते.

आता मुलांना काय सांगायचे ते लिहिते. लहान मुलाला कारण सांगितले नाही तर ते स्वतःच कारण शोधते, आणि त्याला सापडणारे कारण बहुतेक वेळा ते स्वतःच असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा सतत पोट दुखते म्हणून आणला होता. सोनोग्राफी झाली होती, औषधे झाली होती, बाहेरचे आहे म्हणून अंगारेही झाले होते. चौथ्या भेटीत, मातीचे बैल करता करता, तो म्हणाला की त्याने दुकानातून परत येताना पन्नास रुपये हरवले होते, त्या रात्री घरात भांडण झाले आणि त्यानंतर वडील गेले. दोन वर्षे तो मुलगा त्या पन्नास रुपयांचे ओझे वाहत होता आणि घरात कोणालाही याचा पत्ता नव्हता. भांडण कर्जाचे होते. नोट हरवली नसती तरी ते झालेच असते, हे त्याला आईने स्पष्ट सांगितले, एकदा नव्हे तर पुष्कळदा सांगितले, तेव्हा हळूहळू त्याचे पोट दुखायचे थांबले.

म्हणून तुम्ही जे सांगाल त्यात हे आलेच पाहिजे की यात मुलांची काहीही चूक नाही. बाकीचे खरे आणि थोडके असावे. साधारण असे: “पप्पा चाकणला कामाला गेले होते. आधी त्यांचा फोन यायचा, आता येत नाही. ते कुठे आहेत आणि का बोलत नाहीत, हे मला माहीत नाही. मी शोध घेते आहे. काही कळले तर तुम्हाला सांगेन, लपवणार नाही. मी कुठेही जाणार नाही.” हे एका बैठकीत संपत नाही. मूल ऐकते, खेळायला जाते, आणि आठ दिवसांनी अंघोळीच्या वेळी किंवा एसटीत बसल्यावर अचानक पुढचा प्रश्न विचारते. त्याच वेळी, त्याच शांतपणाने उत्तर द्यावे. दोन्ही मुलांना एकत्र सांगा, पण मुलीशी नंतर एकटीशीही बोला, कारण १४ वर्षांच्या मुलीला यातले बरेच आधीच कळलेले असते, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. गावातील मुलींच्या कानावर काय काय येते याची आपल्याला कल्पना नसते.

पतीविषयी मुलांसमोर वाईट बोलू नका. तसे बोलण्याचा तुम्हाला हक्क नाही असे मी म्हणत नाही. साडेतीन वर्षे एकटीने घर ओढणाऱ्या बाईला राग येणारच, आणि तो बहिणीजवळ, मैत्रिणीजवळ, माझ्यासारख्या एखादीजवळ बोलायलाच हवा. पण मुलगा स्वतःला वडिलांचा अर्धा भाग समजतो. लोक त्याला “चालायची ढब अगदी बापाची” असे म्हणतात. वडील नालायक आहेत असे तो ऐकतो तेव्हा आपणही तसेच निघणार, असे तो मनात धरतो. उलट बाजूने, वडील फार मोठे, फार प्रेमळ होते अशी कहाणीही रचू नका. मग इतका प्रेमळ माणूस मला का सोडून गेला, हा प्रश्न आणखी टोचतो.

सासूबाईंविषयी मला विशेष लिहायचे आहे. त्या खोटे बोलतात असे तुम्हाला वाटते, आणि त्यावरून घरात खटके उडत असतील. पण त्यांचा मुलगा हरवला आहे, ताई. तुम्ही मुलांना समजावण्याचा विचार करता आहात, त्या स्वतःलाच समजावत आहेत. दुपारी त्या एकट्या असताना त्यांच्याजवळ बसा आणि त्यांची आशा मोडू नका. एवढेच सांगा की वाट आपण सगळेच बघू, पण लेकरांना तारीख सांगू नका. प्रत्येक सांगितलेली दिवाळी कोरडी गेली की मुलाचा विश्वास वडिलांवरून उडतोच, पण आजीवरूनही उडतो, आणि मग घरातले मोठे माणूस काहीही सांगते तेव्हा ते खोटेच असते, असा त्याचा हिशोब तयार होतो. आजी “येवो बाबा एकदा” असे म्हणू शकते, ते तिच्या मनातले आहे. “दिवाळीला येईल” हे मात्र वचन होते.

गावातले लोक “बापाचा धाक नाही” असे म्हणतात. मला हे पटत नाही, आणि मी हे विचारपूर्वक लिहिते आहे. ज्या घरांत धाक भरपूर होता त्या घरांतली मुलेही माझ्याकडे आली आहेत, आणि ती कमी बिघडलेली नव्हती. वडील नसल्याने घर जे गमावते ते धाकापेक्षा साधे आणि मोठे असते: कमावणारे आणखी दोन हात, आई थकली की मुलाला कडेवर घेणारे दुसरे माणूस, बाजारात भाव कसा करतात आणि मोटारचे स्टार्टर कसे बसवतात हे दाखवणारे कोणी, तहसीलच्या खिडकीवर उभे राहणारे कोणी. हे गमावलेले एकेक करून पाहिले तर त्यातले काही भरून काढता येते. धाक भरून काढायचा म्हणून मामाला किंवा चुलत्याला बोलावून मुलाला मार देण्याचा उपाय मात्र कृपा करून करू नका. त्याने वडिलांच्या जागेची आठवण माराशी जोडली जाते.

मामाचा खरा उपयोग वेगळा आहे. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातील कलह, आजारपण अशी अनेक संकटे एकत्र असलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी नीट, कर्ती माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी माया लावणारे, भरवशाचे मोठे माणूस होते. ते माणूस वडीलच असले पाहिजे असे नव्हते. आपल्या भागात हे काम मामा, आजोबा, एखादे गुरुजी, तालमीतले वस्ताद, भजनी मंडळातले मृदंगवादक असे कोणीही करते. ते माणूस किती वेळा येते यापेक्षा सांगितल्या वेळी येते का, हे महत्त्वाचे आहे. महिन्यातून एकदाच, पण अमावास्येनंतरच्या रविवारी नक्की येणारा मामा हा रोज “येतो येतो” म्हणणाऱ्या चुलत्यापेक्षा या मुलाला जास्त देतो, कारण या मुलाचा घाव नेमका न पाळलेल्या वचनाचा आहे. आजोबा घरात आहेतच. त्यांनी रोज संध्याकाळी नातवाला बरोबर घेऊन जनावरांचे वैरण-पाणी केले, त्याला बोलते केले, तरी पुष्कळ झाले.

मुलाला “आता तूच घरातला कर्ता पुरुष” असे कोणी म्हणत असेल तर ते थांबवा. तेराव्याला टॉवेल-टोपी देताना नऊ-दहा वर्षांच्या पोरांना लोक हेच सांगतात, त्यामागे प्रेम असते, पण मूल ते अक्षरशः घेते. रात्री कडी नीट लागली का हे तीनदा उठून पाहणारी, आईने जेवल्याशिवाय न जेवणारी मुले मी पाहिली आहेत. त्याला वयाला शोभेल असे एखादे काम जरूर द्या, पण घर सांभाळण्याची जबाबदारी तुमची आहे, त्याची नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

तुमच्या पत्रात मुलाविषयी पुष्कळ लिहिले आहे आणि मुलीविषयी एकच ओळ आहे. मला त्या ओळीची अधिक काळजी वाटते. मारणारे मूल सगळ्यांना दिसते, गप्प बसणारे दिसत नाही. ती भांडी घासते, भाकऱ्या करते, भावाचा अभ्यास घेते, काही मागत नाही, आणि सगळे तिला शहाणी म्हणतात. ती किती झोपते, पाळीच्या दिवसांत शाळा बुडवते का, मैत्रिणींकडे जाणे तिने बंद केले आहे का, हे पाहा. तुमच्या संसाराची सगळी गाऱ्हाणी तिच्याजवळ मांडू नका. मन मोकळे करायला घरात दुसरे कोणी नाही म्हणून मुलीला मैत्रीण करणे साहजिक आहे, पण चौदाव्या वर्षी आईचे दुःख पेलायला ती लहान आहे.

स्थळांविषयी माझे मत स्पष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते, परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के. या आकड्यांमागे हुंड्याची, स्थलांतराची, असुरक्षिततेची कारणे आहेत, आणि “बाप नाही, जबाबदारी उरकून टाकू” हेही एक कारण आहे, जे मला घराघरांत ऐकू येते. वडील नसलेल्या मुलीचे लवकर लग्न करून तिला सुरक्षित केले असे नातेवाइकांना वाटते. माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याच मुली तीन-चार वर्षांत कडेवर मूल घेऊन परत आल्या आणि तिथून पुन्हा हाच प्रश्न, पुढच्या पिढीचा, सुरू झाला. १८ च्या आत लग्न करणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. भावकीतून दबाव आलाच तर नकाराचा वाईटपणा तुम्ही एकटीने घेऊ नका, कायद्याचे आणि ग्रामसेवकांचे नाव पुढे करा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही त्यासाठीच आहे. नववीसाठी दुसऱ्या गावी जावे लागणार असेल तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, शाळेतूनच अर्ज करता येतो.

तुमच्या स्वतःविषयी पत्रात काहीच नाही, म्हणून विचारते. बेपत्ता माणसाच्या बायकोला गाव कोणत्याच जागी बसू देत नाही. कुंकू लावले तर लोक बघतात, न लावले तरी बघतात, संक्रांतीच्या वाणाला बोलवावे की नाही यावर बायका आपसात कुजबुजतात. हे सगळे सोसून तुम्ही उभ्या आहात. पण सकाळी उठावेसे वाटत नसेल, विनाकारण मुलांवर हात उठत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ती मनाची आजारी अवस्था असू शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मुले घराचा अंदाज आईच्या चेहऱ्यावरून घेतात, म्हणून तुमचा उपचार हा मुलांचाही उपचार आहे. मुलाच्या बाबतीत, तो स्वतःला इजा करू लागला, मरणाविषयी बोलू लागला, पुन्हा अंथरुण ओले करू लागला, किंवा शाळेत जाणे त्याने पूर्ण सोडले, तर वाट न पाहता त्याला दाखवा.

आता कागदांचे थोडक्यात. सर्वांत आधी पोलीस ठाण्यात पती बेपत्ता असल्याची नोंद करा आणि तिची प्रत घ्या. लाजेने लोक हे टाळतात, पण पुढचे बरेच काही त्या कागदावर अवलंबून असते, आणि मुलांना “मी शोध घेते आहे” असे तुम्ही सांगणार आहात तेव्हा ते खरे असले पाहिजे. शासनाच्या बालसंगोपन योजनेत एकच पालक उरलेल्या मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा आणि आदेश बाल कल्याण समिती देते. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेली स्त्री, म्हणून दरमहा १,५०० रुपयांसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो, त्याला उत्पन्नाची अट आहे. पतीचा ठावठिकाणा लागला तर पोटगी मागता येते, आणि स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. बँकेत किंवा शाळेत कोणी “वडिलांचीच सही हवी” असे म्हणून अडवले, तर १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल लक्षात ठेवा: हिंदू कायद्यात “वडील आणि त्यांच्यानंतर आई” असे जे पालकत्व सांगितले आहे, त्यातील “नंतर” म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर एवढेच नाही, त्यांच्या गैरहजेरीतही आईच नैसर्गिक पालक असते. आणखी एक सावधगिरी. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांच्या बाजूचे कागद लागतात, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा लागतो. सासऱ्यांकडून ते कागद आजच मागून प्रती काढून ठेवा.

उद्या पतीचा फोन आलाच तर मुलांना बोलू द्या, पण “पैसे कधी पाठवता ते विचार” असे त्यांच्या तोंडून विचारायला लावू नका, ते तुम्ही स्वतः विचारा. आणि एका फोनवरून “पप्पा येणार” असे घरात जाहीर करू नका. ते दारात उभे राहिलेच, तर मुलगा धावत जाऊन बिलगेल असे गृहीत धरू नका. तो कदाचित घराबाहेर निघून जाईल, आणि तसे झाले तर त्याला त्या दिवशी कोणी रागावू नये.

शेवटी वह्यांविषयी. त्याने नाव खोडले म्हणून त्याला बोलू नका, आणि नवीन कव्हर घालून ते नाव गुपचूप पुन्हा लिहूनही ठेवू नका. शाळेच्या नोंदीत आणि अर्जांत वडिलांचे नाव आहे तसेच राहू द्या, ते त्याचे आहे आणि पुढे दाखल्यांना लागणार आहे. संपर्काच्या रकान्यात मात्र तुमचा क्रमांक लिहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्य शासनाच्या निर्णयाने, मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. तुमचा मुलगा त्याआधीचा आहे, पण वहीच्या कव्हरला असा काही नियम नाही. नव्या वह्या आणाल तेव्हा पेन त्याच्या हातात द्या आणि नाव कसे लिहायचे ते त्यालाच ठरवू द्या, तुमचे नाव घालून, दोघांची घालून, किंवा नुसते स्वतःचे.